नंदू, दंड पुढे कर

प्रिय नंदू,


परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, मला काही होत नाही. धाप लागत नाही, डोकं दुखत नाही, झोप छान लागते. मग गोळी कशाला?" तेवढ्यात तुला दुसरा फोन आला आणि विषय तिथेच राहिला. हे पत्र घरच्या पत्त्यावर धाडलं असतं, तर तू ते विजेच्या बिलांखाली सरकवून दिलं असतंस. म्हणून छापायलाच देते आहे. नंदू नावाचे भाऊ घरोघरी आहेत. ज्याला त्याला हे आपलंच पत्र वाटलं, तरी माझी हरकत नाही.

तुझं गणित मी नीट ऐकून घेतलं. ऑफिसच्या तपासणीत बीपी १६४/१०२ निघालं. आठवड्याने पुन्हा पाहिलं, तर १५८/९८. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन लिहून दिली. ती तू काही दिवस घेतलीस, आकडा १२८/८२ वर आला आणि 'आता नॉर्मल आहे' म्हणून तू पाकीट फडताळात टाकलंस. अरे, आकडा खाली आला तो गोळीने. चष्मा लावल्यावर पाटी स्पष्ट दिसायला लागली, म्हणून कुणी चष्मा काढून खिशात ठेवतं का? बहुतेकांचा रक्तदाब असा उतरतो आणि उतरलेला राहतो, तो गोळी चालू असते म्हणून. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर पुढे डोस कमी होऊ शकतो. पण तो डॉक्टर कमी करतात, आपला आपण नाही.

तुझ्या सगळ्या युक्तिवादाचा पाया एकच आहे: मला बरं वाटतंय. रक्तदाबाच्या बाबतीत नेमका हाच पुरावा चालत नाही. दाढ किडली की ठणकते, पित्त झालं की छातीत जळजळतं, पाय मुरगळला की पाऊल टाकवत नाही. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला, तरी बहुतेकांना काहीसुद्धा जाणवत नाही. आतमध्ये मात्र काम चालूच असतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठ आणि जाड होत जातात. रोजचा जादा जोर लावून हृदयाचा डावा कप्पा जाडावतो. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या झिजतात, डोळ्याच्या पडद्यावरच्या बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात तीस ते एकोणऐंशी वयाच्या सव्वाशे कोटींहून अधिक माणसांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही. हे निम्मे लोक काही बेफिकीर नसतात. त्यांना बरं वाटत असतं, एवढंच.

आपल्या वडिलांना, अण्णांनाही, बरंच वाटत होतं. तू तेव्हा लहान होतास, तुला फक्त त्यांची काठी आठवत असेल. मला त्याआधीचे अण्णा आठवतात. पहाटे अजिंक्यतारा किल्ल्यावर चढून यायचे, परत आल्यावर विहिरीचं पाणी शेंदायचे, दिवसभर शाळेत उभं राहून शिकवायचे. चिडणं तर त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तुझी समजूत आहे ना, की बीपी हा चिडक्या माणसांचा आजार? अण्णांइतका शांत माणूस मी पाहिलेला नाही. बावन्नाव्या वर्षी एका सकाळी सदऱ्याचं बटण लावताना त्यांचा उजवा हात ऐकेना. हाताला मुंग्या आल्यात असं वाटून ते स्वतःशीच हसले, आणि हसताना तोंडाचा एकच कोपरा वर गेला. आईला हाक मारायला गेले, तर शब्द उमटेना. डॉक्टर पेटीतलं पाऱ्याचं यंत्र घेऊन घरी आले, तेव्हा पारा दोनशेच्या वर होता. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला गेला, तो आयुष्यात पहिल्यांदा.

पुढची कितीतरी वर्षं ते डाव्या हाताने जेवले. फळ्यावर वळणदार अक्षर काढणारा माणूस किराणा हिशेबाच्या वहीत डाव्या हाताने अक्षरं गिरवायला बसायचा. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानांवर साखर आणि रॉकेल ओळखू येत नाही, शेवटच्या पानांवर येतं. आईवडिलांपैकी कुणाला रक्तदाब असेल, तर मुलांना तो होण्याची शक्यता वाढते. मला झालाच आहे. तू पन्नाशी ओलांडलीस आणि तुझाही निघाला, यात नवल काहीच नाही.

आता दुसरी गोष्ट. गोळी चालू झाली म्हणजे आपण म्हातारे झालो, असं तुला वाटतं. तू तोंडाने म्हणत नाहीस, पण पाकीट पाहुण्यांपासून लपवतोस, हे तुझ्या बायकोनेच, स्मिताने, सांगितलंय. त्यासाठी तुला एका मोठ्या माणसाचं उदाहरण देते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट दुसऱ्या महायुद्धात अर्ध्या जगाच्या सैन्याचे निर्णय घेत होते आणि त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षं चढत होता. १२ एप्रिल १९४५ रोजी डोकं भयंकर दुखतंय म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला. पदरी विमानं होती, जहाजं होती, दिमतीला खास हृदयतज्ज्ञ होता. तू फडताळात टाकलेली गोळी मात्र तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती. मिठाविना जेवण, विश्रांती आणि झोपेची औषधं यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. अण्णांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वेळी औषधं आली होती, मोजणारं कुणी भेटलं नव्हतं. तुझ्याकडे दोन्ही आहे.

यावर तू म्हणशील, ऑफिसातल्या मित्राने सर्पगंधाचं चूर्ण सुचवलंय, ते नैसर्गिक आहे. मित्राचं अगदीच चुकत नाही. सर्पगंधा खरोखर रक्तदाब उतरवते आणि ते जगाला पटवून दिलं मुंबईच्याच एका डॉक्टरने. रुस्तम जाल वकील हे केईएम रुग्णालयातले हृदयतज्ज्ञ. त्यांनी रुग्णांना ही मुळी देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तो अभ्यास छापला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं आणि काही काळ ते जगभर वापरलं गेलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण पुढे काय झालं, ते मित्राने सांगितलं नसेल. त्या औषधाने काहींना मन खचल्यासारखं व्हायचं, नाक चोंदायचं, आणि मग त्याहून सुसह्य औषधं आली तशी ते मागे पडलं. चूर्णाच्या चमच्यात औषधाचा अंश किती आहे, हे तुला कळणार नाही, मलाही नाही. त्यातून डॉक्टरांची गोळी आणि मित्राचं चूर्ण एकदम सुरू केलंस, तर दाब किती उतरेल, याचा भरवसा नाही. वकिलांकडून घ्यायचीच, तर त्यांची नोंदी ठेवायची सवय घे.

नोंदींवरून आठवलं. यंत्र विकत घेतलंस हे चांगलं केलंस, पण दिवाळीत तुला ते वापरताना मी पाहिलंय. तिसरा मजला चढून आलास, एका हातात चहाचा कप, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा, पायावर पाय, आणि लेकाशी, चिन्मयशी, क्रिकेटवर वाद चालू. आकडा जास्त आला की "आत्ताच जिना चढलोय", कमी आला की "बघ, म्हटलं नव्हतं?" फिर्यादीही तूच आणि न्यायाधीशही तूच.

नीट मोज. सकाळी उठलास की लघवीला जाऊन ये, कारण भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. चहा, सिगारेट किंवा फिरणं झालं असेल, तर निदान अर्धा तास जाऊ दे. गोळी घेण्याआधी मोजायचं. खुर्चीला पाठ टेकव, दोन्ही पावलं जमिनीवर ठेव आणि पाच मिनिटं गप्प बस. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळणाच्या जरा वर बांध आणि हात टेबलावर ठेव, म्हणजे पट्टा छातीच्या पातळीत येतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोज आणि दोन्ही आकडे लिही. रात्री पुन्हा तसंच. सात दिवस झाले की पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढ. तुझा दंड जाड आहे. पट्टा तोकडा पडला, तर आकडा खोटा चढतो, तेव्हा मोठा पट्टा मागून घे. मनगटावर बांधायच्या यंत्रांच्या नादी लागू नकोस.

दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५. पांढरा कोट समोर आला की पुष्कळांचा दाब जरा वर जातो, म्हणून हा फरक. याच्या उलट माणसंही असतात: दवाखान्यात ठीक आणि घरी, ऑफिसात चढलेली. डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्याने ऑफिस गाठणारा तुझ्यासारखा माणूस यातला नसेलच, हे कशावरून? एका आकड्यावरून घाबरायचं नाही आणि एका आकड्यावरून सुटकेचा श्वासही सोडायचा नाही. इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाच्या पट्ट्याची युक्ती काढली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपने ठोके ऐकायची जोड दिली. तेव्हापासून आपल्याला शरीराच्या तोंडी जबाबावर विसंबून राहायची गरज उरलेली नाही.

आता जेवणाकडे येते. तुझं जेवण अळणी करायला मी सांगणार नाही. आईच्या हातचं खाऊन वाढलेल्या माणसाला ते जमायचंही नाही. पण मीठ कुठून किती जातं, ते तरी पाहा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. मी याचा स्वयंपाकघरातला हिशेब केला. तिघांचं घर, रोजचे १५ ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा दोन महिने सहज पुरायला हवा. आमच्याकडे पुडा फोडला की त्यावर पेनने तारीख टाकते. तुमच्याकडे टाकून बघा. पुडा महिन्यात संपला, तर आकडा का चढतो, याचं निम्मं उत्तर ओट्यावरच मिळेल. त्यात फरसाण, खारी, पाव आणि ऑफिसखालचा वडापाव धरलेला नाही, हेही लक्षात ठेव.

कापायचं कुठे? आपल्या ताटाच्या उजव्या बाजूला भाजी-आमटीतही मीठ असतंच, तिथेही हात आवरायला हवा. पण डाव्या बाजूलाही गडबड आहे. लोणचं, चटणी, पापड, सांडगी मिरची, आणि वर कोपऱ्यात वाढलेलं चिमूटभर मीठ, सगळे एकाच वेळी हजर. पापडात तर मिठाशिवाय पापडखारही असतो, तोही सोडियमच. मी नियम केला: डाव्या बाजूला दोनच पदार्थ. एक कोशिंबीर, तिच्यात लिंबू, दाण्याचं कूट, जिरं. दुसरा पदार्थ रोज वेगळा, पण एकच. ताकात मीठ नाही, आलं आणि कोथिंबीर. कणकेत मीठ नाही. पहिले काही दिवस जेवण फिकं लागतं, मग जीभ सरावते, आणि एक दिवस लग्नाच्या पंगतीतली आमटी खारट लागते.

उपासाला सैंधव चालतं म्हणून खुशाल घालतोस, तेही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत ते वापरून पाहिलं, तर पक्षाघाताचं प्रमाण घटलं. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण तू ते परस्पर आणू नकोस. टेल्मिसार्टनने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, मूत्रपिंड अशक्त असेल, तर जास्तच. आधी रक्त तपास, मग डॉक्टरांना विचार.

आणखी दोन-तीन चोरवाटा आहेत. घशासाठी तू ज्येष्ठमधाची काडी चघळत असतोस. रोज आणि भरपूर चघळली, तर तिच्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून आणतोस त्या वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच. म्हणून दुकानदाराला आधी सांगायचं, "मला बीपी आहे." लाजायचं नाही. आणि घोरणं. स्मिता म्हणते, घोरता घोरता मध्येच तुझा श्वास थांबतो आणि मग तू दचकून श्वास घेतोस. यावर घरात हसतात, पण झोपेत श्वास अडकणं हे रक्तदाब न उतरण्याचं एक नेहमीचं कारण आहे. डॉक्टरांना हे स्वतःहून सांग, ते विचारतीलच असं नाही.

गोळीचा त्रास होईल अशी भीती असेल, तर तीही रास्त आहे. माझ्या पहिल्या गोळीने, अ‍ॅम्लोडिपिनने, संध्याकाळी घोटे सुजायचे. चपलेचा पट्टा रुतला की खूण राहायची. मी डॉक्टरांना पाय दाखवले, त्यांनी गोळी बदलली. आणखी काहींना दुसऱ्या प्रकारच्या गोळीने कोरडा खोकला येतो, तीही बदलता येते. औषधं पुष्कळ आहेत आणि बरीचशी स्वस्त आहेत. आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळतात, माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका तिथूनच नेतात. गोळी नकोशी झाली, तर डॉक्टरांशी भांड, पण मुकाट्याने बंद करू नकोस.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेव, घरातल्या सगळ्यांना सांग. तोंड एका बाजूला झुकलं, हात वर उचलता येईना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं, तर 'मुंग्या आल्यात' म्हणून पडून राहायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोचायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ पहिल्या लक्षणापासून चालू होतं.

आता पत्राचं खरं कारण. इतका वेळ मी तुझ्यावर बोलले, पण माझ्या मनात स्मिता आहे. ती पहाटे उठते, तिघांचे डबे भरते, स्वतः ऑफिस गाठते, आणि कधीही विचारा, "मी ठीक आहे" म्हणते. तुझ्या 'मला काही होत नाही'ची मी एवढी उलटतपासणी घेतली, तिच्या 'मी ठीक आहे'ची घरात कुणी घेतं का? चिन्मयच्या वेळी शेवटच्या महिन्यांत तिचं बीपी वाढलं होतं, आठवतं? पाय सुजले होते, दिवस भरायच्या आधी बाळंतपण करावं लागलं. नंतर ते उतरलं आणि सगळ्यांनी विषय संपला असं धरलं. पण गरोदरपणात ज्या बायकांचं बीपी वाढतं, त्यांना पुढे उच्च रक्तदाबाचा, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पाळी जायच्या वयात तो आणखी वाढतो. स्मिता आता त्याच वयात आली आहे. चिन्मय बारावीला गेला, आणि तुमच्या घरात यंत्र येऊनही तिच्या दंडाला अजून पट्टा लागलेला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "ते ह्यांचं आहे."

कुरकुर न करणाऱ्या माणसाबद्दल आपण घरात एक सोयीची समजूत करून घेतो, की त्याचं सगळं ठीक चाललंय. अण्णांबद्दल घरानं तीच करून घेतली होती. तुला स्वतःच्या शरीराबद्दल ती आहे आणि बायकोबद्दलही आहे. मुकाट चालणारी गोष्ट मोजल्याशिवाय कळत नाही, मग ती रक्तवाहिनी असो नाहीतर घरची बाई.

तेव्हा येत्या रविवारी वही घे आणि दोन रकाने आख, एक तिचा, एक तुझा. आधी तिचं मोज. ती "आधी कुकर लावते" म्हणेल, तर कुकर तू लाव. तिला पाच मिनिटं खुर्चीत नुसतं बसायला सांग. तेवढी पाच मिनिटं तिला दिवसात मिळत नसतील, तर हाही एक आकडाच समज आणि त्यावरही काहीतरी उपाय कर. आठवडा भरला की दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, तुझ्या बंद केलेल्या गोळीचं त्यांना खरं खरं सांग, आणि तिच्या बाळंतपणातल्या बीपीचंही सांग. पानाचा फोटो मला पाठव. १३८ चे १३० करून लिहायची तुझी सवय मला ठाऊक आहे. जसे येतील तसे लिही.

चिन्मयला आशीर्वाद. स्मिताला सांग, आंबे उतरले की पेटी पाठवते, पण लोणच्याची बरणी या वर्षी लहान असेल.

तुझी,
ताई